खाणीच्या गावातली पौर्णिमा

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगावं इतकं ते मला आवडलं नाही. जोधपूरहून सकाळच्या बसने निघालं की उन्हं कलायला लागल्यावर ते येतं. येतं म्हणजे वाळवंट संपतं असं नाही, वाळवंटाच्या मध्येच एक भलामोठा खड्डा लागतो. ती चुनखडीची खाण. खड्ड्याच्या काठावर कंपनीची कॉलनी, कॉलनीच्या पलीकडे मजुरांची खोपटं, आणि सगळ्यावर पांढरी धूळ. झाडांवर, उंटांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, चहाच्या सायीवर. माणसाने आपणहून जाऊन राहावं असं तिथे काही नव्हतं. माझा धाकटा भाऊ मात्र आपणहून जाऊन राहिला होता, आणि दोन वर्षं झाली तरी पुण्याला यायचं नाव घेत नव्हता.

तेव्हा पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटरने झपाटलं होतं. कर्वेनगरच्या गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, आणि ज्याला इंग्रजीत धड पत्ता लिहिता येत नव्हता तोही आज जावा शिकून उद्या अमेरिकेला निघाला होता. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, या भीतीपायी आम्ही रात्रीचा दिवस केला. साल उजाडलं, काहीही बंद पडलं नाही, आणि कंपनीने उपकार केल्याच्या थाटात साठलेली रजा घ्यायला सांगितली. भावाने मात्र नागपूरला जाऊन खाणीचं इंजिनिअरिंग केलं होतं. आमचे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "सगळं जग वर चाललंय, आमचे चिरंजीव खाली निघालेत." बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर ते "राजस्थानात असतो" एवढंच सांगून विषय बदलायचे.

आईला विषय बदलता येत नव्हता. तिला मुलगा परत हवा होता. दिवाळीला नाही, जयंतीला नाही, बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही तो आला नाही. आम्ही येतो म्हटलं की फोनवर त्याची कारणं सुरू व्हायची. इथे पाणी नाही, इथे ऊन फार, क्वार्टरमध्ये एकच खाट आहे. शेवटी त्या वर्षी एप्रिलमधली जयंती झाली, आणि आईने तिकिटं काढायला लावली. बाबांना प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून मी सोबत गेले. त्याला कळवलं ते निघायच्या आदल्या दिवशी. आई म्हणाली, आधी सांगितलं तर तो खाणच बंद असल्याचं सांगेल.

इथे आमच्याबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्यानंतर घरात देव्हारा राहिला नाही. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. असं आडनाव पुण्यात कुणाला फार वेळ फसवत नाही. पुण्यात लोक तुम्हाला घराबाहेर काढत नाहीत, चहा देतात आणि "अहो, आपलं मूळ गाव कुठलं?" असं अत्यंत आदराने विचारतात. मग देव कुठला, मग पाहुणे कुठले. तिसऱ्या प्रश्नापर्यंत त्यांना हवं ते मिळतं आणि चहा लवकर संपतो. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलंय की मला आता समोरच्याचा पुढचा प्रश्न आधी ऐकू येतो.

भाऊ आम्हाला घ्यायला कंपनीची जीप घेऊन आला. उन्हाने काळवंडला होता आणि केसांत धूळ बसल्यामुळे तिशीआधीच पिकल्यासारखा दिसत होता. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला तेव्हा तो ओशाळून हसला. कॉलनीचं फाटक दिसायला लागलं आणि त्याने जीप रस्त्याकडेला उभी करून इंजिन बंद केलं.

"आई, एक सांगायचंय. इथे कुणाला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"आपलं."

आईला समजायला थोडा वेळ लागला. मला नाही लागला.

"मी खोटं काही बोललो नाही," तो म्हणाला. "मॅनेजरच्या बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं, आप मराठी लोग, पंडित हो ना? मी हसलो. तेवढंच. त्यानंतर कुणी विचारलं नाही. मी दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याकडे जेवतो. तो माझा साहेब आहे. इथे दुसरीकडे कुठे जेवायची सोय नाही, आणि दुसरीकडे कुठे बोलायचीही नाही."

"म्हणजे मी काय करायचं?" आईने विचारलं.

"काहीच करायचं नाही. जयभीम म्हणू नको, बाबांशी फोनवरसुद्धा. फोन त्यांच्या घरात आहे. आणि फोटो बॅगेतून काढू नको."

"तुला पगार खाणीचा मिळतो की नाटकाचा?" मी म्हणाले.

"ताई, परवा जयंतीची रजा तू ऑफिसात काय सांगून घेतलीस?"

मी 'घरगुती काम' असं लिहून घेतली होती, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतंच. आई म्हणाली, "बरं. नाही म्हणणार." आणि त्याने जीप सुरू केली.

कॉलनी म्हणजे एकसारख्या दोन रांगा. त्याच्या क्वार्टरला लागून मॅनेजरचं घर, जरा मोठं, मागे पाण्याची जमिनीखालची टाकी असलेलं. त्या टाकीच्या लोखंडी झाकणाला कुलूप होतं. पाण्याला कुलूप मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नळाला यायचं ते पाणी खारट, आंघोळीपुरतं, तेही साबणाला फेस येऊ न देणारं. पिण्याचं गोडं पाणी टँकरने यायचं. त्या वर्षी पाऊस झालेला नव्हता, त्यामुळे टँकर यायचा तेव्हा यायचा. बायका भांडी धुवायच्या त्या राखेने आणि वाळूने, आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा खाली परात ठेवून धरायच्या, मग ते बकरीला. कुणाच्या हातून पेलाभर पाणी सांडलं तर सगळ्याजणी त्या ओल्या डागाकडे बघत राहायच्या.

मॅनेजरीणबाई आमच्या स्वागताला दारात उभी होती. माझ्याहून थोडी मोठी, हातभर बांगड्या, डोक्यावरून पदर, आवाज खणखणीत. तिने आईला वाकून नमस्कार केला, माताजी म्हणाली, आणि आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेलं. तिथे भिंतीशी उंच ओट्यावर तीन माठ ओळीने मांडलेले होते. त्यातून तिने आम्हाला पाणी दिलं. आम्ही पीत असताना ती आमच्याकडे कौतुकाने बघत होती. पाहुण्याला पोटभर पाणी पाजणं ही तिथली श्रीमंती होती, आणि ती तिने आमच्यावर मनापासून उधळली हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. भाऊ ओट्याशी जाऊन स्वतःच्या हाताने पाणी घेऊन प्यायला. त्या घरात तो मुलासारखा वावरत होता. पोळी कमी पडली तर डब्यातून काढून घेत होता, तिला भाभी म्हणून हाक मारत होता, ती त्याला ओरडत होती. आमच्या घरी तो इतका मोकळा कधी वागलेला मला आठवत नाही. मला त्याचा राग आला.

"अपना छोटा भाई है," ती आईला म्हणाली. "इसके लिए लड़की हम देखेंगे. अपने जैसे घर की."

आईने पोळीचा तुकडा ताटात ठेवला आणि परत उचलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची पाळी संपल्यावर आईने विषय काढला. तिथे रोज दोन वाजता खाणीत सुरुंग उडवायचे. आधी भोंगा व्हायचा, बायका वाळवणं आत घ्यायच्या, मग जमीन हादरायची आणि कपाटातले पेले किणकिणायचे. तसं ते झालं, धूळ खाली बसली आणि आई म्हणाली, "चल आमच्याबरोबर. ताईने ऑफिसात बोलून ठेवलंय."

मी खरोखर बोलून ठेवलं होतं. तेव्हा आमच्याकडे माणसं इतकी हवी होती की ज्याला दोन बोटांनी टाइप करता येतं त्यालाही घेत होते, हा तर इंजिनिअर होता.

"नाही यायचं," तो म्हणाला.

"इथे काय आहे?" मी विचारलं. "खड्डा."

"तिथे पहिल्या दिवशी कँटीनमध्ये विचारतील, मूळचे कुठले. मग कॉलेजात ॲडमिशन कुठल्या लिस्टमधून मिळाली होती ते. नागपूरला चार वर्षं माझ्या मार्कांचा हिशोब दुसरेच करत होते. इथे मी नुसता इंजिनिअर आहे. दोन वर्षांत मला एकानेही विचारलं नाही."

"कारण तू उत्तर आधीच देऊन ठेवलंयस. चुकीचं."

"असेल चुकीचं. पण झोप लागते मला इथे."

आईने मला डोळ्यांनी गप्प केलं. तिने पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली, त्याच्यापुढे ठेवली, आणि तो खात होता तोवर त्याच्याकडे बघत बसली. त्यानंतर तिने परत चलण्याचा विषय काढला नाही. मला वाटलं ती हरली. खरं म्हणजे तिने मनातल्या मनात त्याला तिथे राहायची परवानगी दिली होती. झोप लागते म्हणाला, तेवढं तिला पुरलं.

आणि मग पौर्णिमा आली.

आमच्या घरी दर पौर्णिमेला आई पांढरी साडी नेसते. लग्न झाल्यापासून नेसते. सकाळी आंघोळ करून पांढरी साडी, मेणबत्ती, उदबत्ती, दोन फुलं, वंदना, आणि दिवसभर उपोसथाचा उपास. आमच्या वस्तीत पौर्णिमेला विहारात गेलं की सगळ्या बायका पांढऱ्या. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं, गुरुवारी पाणी कमी दाबाने येतं तसं पौर्णिमेला आई पांढऱ्या साडीत असते. तिने बॅगेत ती साडी घडी करून आणली होती. भाऊ पहाटेच पाळीवर गेलेला. त्याला पौर्णिमा आठवत नव्हती, आणि तो ती विसरू शकतो हे आईला सुचलं नाही. जयभीम म्हणायचं नाही हे तिने कटाक्षाने पाळलं होतं. फोनवर बाबांशी बोलताना तिने दोनदा जीभ चावली होती. पण साडी म्हणजे काही बोलणं नव्हे. घरात मुलगा नव्हता, दार लावलेलं होतं, म्हणून तिने बॅगेतून दोन फोटोही काढले आणि खाटेवर उशीला टेकवून उभे केले. एक बुद्धाचा, आणि एक निळ्या कोटातला, जो या देशात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

दार लावलेलं होतं, पण कडी घातली नव्हती. मॅनेजरीणबाई ताक घेऊन आली आणि तिने एका हाताने दार ढकललं.

तिला काय दिसलं असेल ते मी नंतर पुष्कळदा मनात उभं करून पाहिलंय. काल हिरव्या साडीत, कुंकू लावून बसलेली बाई आज पांढऱ्या साडीत, मेणबत्तीपुढे डोळे मिटून, हात जोडून बसलेली. तिच्या हातातलं ताक सांडलं. तांब्या तिथेच ठेवून ती धावली, आईशेजारी जमिनीवर बसली, तिने आईला मिठीत घेतलं आणि गळा काढला.

"माताजी, ये कब हुआ? फोन आया क्या? हमको क्यूँ नहीं बुलाया?"

आईने घाबरून डोळे उघडले. "क्या हुआ, ताई? किसका फोन?"

"पिताजी का..." आणि तिला पुढे बोलवेना.

 फोन त्यांच्या घरात होता. बाबा पुण्यात एकटे होते. मला वाटलं, फोन आलाय आणि ही सांगायला आलीय. आईलाही तेच वाटलं. तिचा चेहरा उतरला आणि ती हिंदी विसरून मराठीत विचारायला लागली, काय झालं त्यांना, अगं नीट सांग, काय झालं. त्या दोघी एकमेकींचे दंड धरून, आपापल्या भाषेत, जिवंत माणसासाठी रडत होत्या. शेवटी बाईने रडत रडत आईचा पदर उचलून दाखवला. पांढरा.

आईला कळलं. आणि तिला हसू आलं. भीती इतकी मोठी होती की सुटका झाल्यावर तिला स्वतःला आवरता आलं नाही. बाईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ती हसत हसत सांगायला लागली.

"नहीं, नहीं. वो अच्छे हैं. आज पौर्णिमा है ना. हमारे में पौर्णिमा को सफेदच पहनते. सवाष्ण भी पहनती. हम बौद्ध हैं ना, इसलिए."

बाई पण हसायला लागली होती. डोळे पुसत तिने खाटेकडे पाहिलं. पहिला फोटो पाहिला, मग दुसरा. हसू कुठे थांबलं ते मला दिसलं. तिने आईच्या हातांतून आपला हात सोडवून घेतला. उठली, आणि तो हात अंगापासून लांब धरून, साडीला लागू न देता, दाराबाहेर गेली. ताकाचा तांब्या तिने नेला नाही.

आई म्हणाली, "अगं बाई." एवढंच. तिने मेणबत्ती विझवली नाही. वंदना अर्धी राहिली होती, ती तिने पुरी केली. मी दाराची कडी घातली, तिचा आता काही उपयोग नव्हता तरी.

थोड्या वेळाने मागच्या बाजूला पाण्याचा आवाज आला. त्या गावात तो आवाज इतका परका होता की आम्ही दोघी खिडकीशी गेलो. मॅनेजरीणबाई स्वयंपाकघरातले तीन माठ एकेक करून बाहेर आणत होती आणि वाळूवर ओतत होती. भरलेले माठ. टँकर केव्हा येईल हे तिला माहीत नव्हतं. कुलपात ठेवलेलं, पेल्यांनी मोजून वापरलेलं, घामाघूम मजुराने मागितलं तरी अर्धाच पेला मिळणारं पाणी. ती घाई करत नव्हती, शेवटचा थेंब निघेपर्यंत माठ तिरपा धरून ठेवत होती. मग तिने माठ भिंतीशी पालथे घातले. वाळू पुन्हा कोरडी व्हायला काहीच वेळ लागला नाही. मी आयुष्यात पुष्कळ अपमान पचवले, आरामखुर्चीत बसून केलेले, हसत केलेले. पण आपण प्यायलो म्हणून कुणी दुष्काळात पाणी ओतून टाकतं हे मी ऐकलं होतं ते आजोबांच्या तोंडून, आणि आमच्या पिढीत ते संपलं असं समजून चालले होते. 

दोन वाजता भोंगा झाला, सुरुंग उडाले, आणि नंतर भाऊ आला तो नेहमीप्रमाणे आधी जेवायला तिकडे गेला. तिकडचं दार उघडलं नाही. तो आमच्याकडे आला आणि आईला पाहून उंबऱ्यातच थांबला.

"कुणी पाहिलं?"

आईने सांगितलं. न लपवता, न वाढवता.

"एक दिवस नसती नेसलीस तर काय बिघडलं असतं?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने, भिंत पातळ होती. "एक दिवस. तुला मी जीपमध्ये सांगितलं होतं."

"साडीचं नव्हतं सांगितलंस."

"सगळं सांगायला लागतं का?"

"मला सुचलंच नाही रे," आई म्हणाली. "पौर्णिमा होती."

"ताक घेऊन आली होती ती," तो म्हणाला. "माझ्यासाठी. पाळीवरून आल्यावर मला ताक लागतं म्हणून." आणि तो खाली बसला. एवढा मोठा माणूस, सुरुंग लावणारा, डोकं हातांत धरून बसला. मला त्याची दया यायला हवी होती. नाही आली. ज्या बाईने आपल्या आईचा हात असा झटकला, तिच्या ताकासाठी हा रडकुंडीला आला होता.

तेवढ्यात दाराशी तीच उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर, दोन पावलं मागे, पदर पुढे ओढलेला. तिने आमच्याकडे पाहिलं नाही.

"भैया, सच बताना. ये तुम्हारी कौन हैं?"

तेव्हा मला वाटलं ती त्याला धारेवर धरायला आलीय. आज कळतं, ती त्याला वाट काढून द्यायला आली होती. दोन वर्षं तो तिच्या चुलीपाशी जेवला होता, तिच्या माठातून स्वतःच्या हाताने प्यायला होता. तो जर आमचा असेल तर बाटायचं काही शिल्लकच राहिलं नव्हतं. माठ ओतता येतात, दोन वर्षं कशी ओतणार? त्याने खोटं बोलावं ही तिचीही गरज होती.

भाऊ उठून उभा राहिला. बुटांकडे बघत म्हणाला, "माँ नहीं है, भाभी. हमारे घर काम करती थी. बचपन में इसी ने पाला, तो माँ बोलता हूँ. ये इसकी बेटी है."

आमच्या दोघांचं नाक एक आहे. हनुवटी एक आहे. रस्त्यावरचा अनोळखी माणूससुद्धा सांगतो की ही भावंडं. बाईने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला जे दिसलं ते तिने बघायचं नाकारलं. मी तोंड उघडलं. मी काय बोलणार होते ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते बोलल्यावर त्याने त्या गावात एक घोट पाणी मिळवून दाखवावं अशी माझी इच्छा होती. पण आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"क्यूँ?" बाईने आईला विचारलं. या वेळी माताजी नव्हतं. "सच है?"

आई तिच्याकडे सरळ बघत म्हणाली, "हाँ. काम को थी मैं इनके यहाँ."

जी बाई दीक्षा घेतलेल्या घरात वाढली, जिने उभ्या जन्मात कुणापुढे जात लपवली नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर जयभीम म्हणून बसायची, जिने मला सांगितलं होतं की खोट्या पंगतीत बसण्यापेक्षा उपाशी उठावं, ती हे बोलली. आवाज जराही हलला नाही. भावाने मान वर केली नाही.

बाईचा चेहरा सैल झाला. श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. मग, ज्या सहजतेने ती परवा पाणी देत होती त्याच सहजतेने, ती आईला म्हणाली, "तो बाई, पीछे वो मटके पड़े हैं. उठाकर बाहर कचरे पे डाल आ. और ये लोटा भी." आणि भावाकडे वळून, जरा रागावल्यासारखं, लाडाने, "तुम चलो, खाना ठंडा हो रहा है. पहले नहा लेना."

आईने पदर खोचला आणि ती मागच्या दाराने गेली. मी तिच्यामागे गेले. दोन माठ तिने उचलले, एक मी. कचऱ्याचा ढीग कॉलनीच्या टोकाला होता. रांगेतल्या खिडक्यांमधून बायका बघत होत्या, पांढऱ्या साडीतली म्हातारी रिकामे माठ कमरेवर घेऊन चाललेली. मी माझा माठ ढिगावर आपटला, चांगला दणकून, की त्याचे तुकडे झाले. आईने तिचे दोन खाली हळूच ठेवले.

"तू असं का बोललीस?" मी विचारलं.

"त्याला राहायचंय इथे," ती म्हणाली. "आपल्याला काय, आपण चाललो." मग म्हणाली, "बाबांना यातलं काही सांगायचं नाही."

परत आलो तेव्हा शेजारच्या घरात ताटांचा आवाज येत होता. तो जेवत होता. आईने पांढऱ्या साडीतच बॅग भरली, दोन्ही फोटो साडीच्या घडीत गुंडाळून. चटणीचा डबा तिने फळीवर ठेवला, मग जरा विचार करून मागे, पिठाच्या डब्याच्या आड सरकवला. चारची बस होती. तो आम्हाला सोडायला आला, केस ओले, धुतलेला शर्ट. जीप मागितली नव्हती. कामवालीला सोडायला साहेबाची जीप कशी मागणार. आईची बॅग त्याने घेतली, आईने ती त्याच्या हातातून काढून घेतली, आणि आम्ही तिघं रस्त्याने चालत गेलो, तो दहा पावलं पुढे.

 मला वाटेत बोलायचं होतं, पण मी बोलले असते ते त्याच्या आयुष्यभर लक्षात राहिलं असतं, आणि आईने ते मला बोलू दिलं नसतं. स्टँडवर बस लागलेली होती. टपावर कुणीतरी बकरी चढवत होतं. कॉलनीतल्या तिघी-चौघी बायका भाजीच्या गाडीपाशी उभ्या होत्या, आणि भाजी घेणं थांबवून आमच्याकडे बघत होत्या.

मी आधी चढले. आईने पायरीवर हात ठेवला तेव्हा तो एकदम पुढे आला. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचं तसं. "आई," तो म्हणाला, आणि पाया पडायला खाली वाकला.

आईने पटकन पाय मागे घेतले.

"नको," ती हळूच म्हणाली. "लोक बघतायत."